निळ्या फियाटची आंघोळ

बाळाराम भोईरांनी फियाट कशासाठी घेतली, असं त्यांच्या भिवंडीच्या आळीत कुणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं : मिरवायला. हे उत्तर साफ चूक होतं असं काही म्हणता येणार नाही. गाडी आळीत पहिल्यांदा शिरली तेव्हा बाळारामांनी ती सरळ घरासमोर न आणता मशिदीकडून वळसा घालून, बाजारातून फिरवून आणली होती, आणि त्याला कारण म्हणून 'तो रस्ता रुंद आहे' असं सांगितलं होतं. तो रस्ता रुंद नव्हता.

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बाळारामांची आई, ठमाबाई, उभं आयुष्य राहनाळहून भिवंडीच्या बाजारात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पायी आली होती. त्याच पाटीच्या जिवावर बाळाराम मॅट्रिक झाले, तालुक्याच्या कोर्टात कारकून लागले आणि सरकत सरकत हेडक्लार्क झाले. या बाईला एक दिवस मोटारीत पुढच्या सीटवर बसवून त्याच रस्त्यानं न्यायचं, हे त्यांनी पहिल्या पगाराच्या दिवशी मनाशी धरलं होतं. पुढे राहनाळच्या जमिनीवर कुणीतरी गोदाम बांधलं, भाडं येऊ लागलं आणि त्यांनी गाडीसाठी नंबर लावला. नंबर लावला तेव्हा पाळण्यात असलेली त्यांची मुलगी, शहात्तर साली गाडी दारात आली तेव्हा पाढे म्हणत होती. सरकारी कारभाराची सवय असल्यामुळे बाळारामांना यात काही वावगं वाटलं नाही.

गाडी आली, आणि ठमाबाई बसायला तयार होईनात.

"मी देवीला सबूद दिलाय," त्या राहनाळला आपल्या घराच्या ओटीवर बसून म्हणाल्या. "बाल्याची गाडी आली का आधी तिला वज्रेश्वरीच्या कुंडाच्या पान्यानं न्हाऊ घालीन. मंगच बसन."

"आई, गाडीला आंघोळ कोण घालतं?"

"मंग काय पारोशी ठेवतोस?"

कोर्टात भल्याभल्या वकिलांना तारखा देणाऱ्या बाळारामांनी आईकडून रविवारची तारीख घेतली.

तर चैत्रातल्या एका रविवारी बाळाराम आणि त्यांची बायको पार्वतीबाई गाडीनं वज्रेश्वरीला निघाले. ठमाबाई शब्दाला पक्क्या, म्हणून शेजारच्या हौसाला घेऊन एस.टी.नं गेल्या, आणि बऱ्याच आधी पोचल्या. बाळारामांचं गाडी चालवणं असं होतं, की वाटेत एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं, पुढच्या गावात आपलं काम उरकलं, आणि परत जाताना त्यांना रामराम केला. पार्वतीबाईंनी हे पाहिलं, पण त्या समंजस होत्या. त्यांनी विषय काढला नाही.

कुंडाजवळ गाडी उभी राहिली आणि ठमाबाईंनी पदर खोचला. हौसा हंडे भरभरून आणू लागली. गंधकाच्या वासाचं कढत पाणी, वर चैत्रातलं ऊन आणि खाली तापलेला निळा पत्रा. पहिला तांब्या टपावर पडला तेव्हा वाफ निघाली. ठमाबाईंनी गाडीला अशी आंघोळ घातली, जशी बाळंतिणीच्या खोलीत पोराला घालतात. पुढच्या दिव्यांवर पाणी ओतताना त्यांनी वर आडवा हात धरला, म्हणजे पाणी डोळ्यांत जाऊ नये. मागच्या डिकीलाही त्या विसरल्या नाहीत. भोवती जमलेल्या बघ्यांतल्या एकानं तिचं नाव काय ठेवणार म्हणून विचारलं. बाळारामांनी त्याच्याकडे हेडक्लार्कच्या नजरेनं पाहिलं.

मग ते खिशातून नवं पिवळं फडकं काढून पुसायला पुढे झाले, तर ठमाबाईंनी हात धरला.

"देवीचं पानी पुसू नये. अंगावरच सुकू द्यावं."

कुंडात न्हाऊन आलेला माणूस अंग पुसत नाही, ही तिकडची रीत. ती माणसाला लागू असेल तर गाडीला का नाही? बाळारामांनी आईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि फडक्याची घडी घालून ते परत खिशात ठेवलं. गाडी उन्हात सुकत ठेवली. ठमाबाई तिच्यापाशी राखणीला बसल्या, आणि बाकीची मंडळी नारळ घेऊन देवळात गेली.

बाळाराम देवळाच्या पायऱ्या उतरून परत आले ते हसतच. आईवरची नजर न काढता त्यांनी पुढचं डावं दार उघडलं. आईसाठी मुद्दाम शिवून घेतलेली उशी सीटवर ठेवली. म्हणाले, "चल आई. झाली ना आंघोळ? बस आता."

ठमाबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं, आणि त्या उठून हौसाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मी यष्टीनंच येतंय रं. नव्या गाडीचा वास मला सोसत न्हाय. मलमल होतं."

बाळारामांना फार लागलं. पाळण्यातली पोरगी पाढ्यांपर्यंत पोचेतो त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती. रिकाम्या उशीकडे बघत ते परत निघाले आणि अंधार पडल्यावर घरी पोचले. वळणावरही त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि पार्वतीबाईंनी सबंध वाटेत फक्त एकच वाक्य म्हटलं : "होईल हो सवय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत ओट्यावर आले आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. बॉनेटवर, टपावर, चारही दारांवर, जिथे जिथे थेंब सुकला होता तिथे तिथे पांढुरका, धुकट डाग होता. काही वाटोळे, काही ओघळलेले. निळी फियाट कोड फुटल्यासारखी दिसत होती. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. डाग नाहीसे झाले! बाळाराम आनंदानं आत गेले, चहा प्याले, बाहेर आले. गाडी सुकली होती आणि डाग होते तिथे होते. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा गेले. पुन्हा चहा. चौथ्या कपाला पार्वतीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, गाडी ओलीच ठेवायची झाली तर नळाला पाणी दोनच तास असतं."

"आईला कळता कामा नये," बाळाराम हळू आवाजात म्हणाले. "तिच्या नवसानं झालं हे. कळलं तर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. शनिवारी खारबावला दामूची हळद आहे, तोवर गाडी लख्ख झाली पाहिजे. त्या दिवशी आईला गाडीतून नेणार म्हणजे नेणार."

दामू हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या हळदीला आजीनं एस.टी.तून उतरायचं आणि मामानं फियाटमधून, ही कल्पनाच बाळारामांना सहन होत नव्हती.

ज्या गोष्टी कुणाला कळू नयेत असं आपण ठरवतो, त्या आळीला आधी कळतात. पहिले आले रघूतात्या. हे कोर्टातले निवृत्त बेलिफ. आयुष्यभर लोकांच्या सामानावर जप्ती आणल्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की तिच्यात खोट काढायची त्यांना सवय होती. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, टपावर बोटानं टिचकी मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "भोईर, आपल्यातलं आपल्यात. कुणाची घेतलीत?"

"म्हणजे?"

"सेकंडहँड माल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही."

बाळारामांचे कान लाल झाले. त्यांनी आतून कागदपत्रं आणून दाखवली. तात्यांनी ती जप्तीच्या पंचनाम्यासारखी उलटसुलट वाचली आणि 'हं' म्हणाले. त्या 'हं'मधून त्यांचा विश्वास बसला नाही हे स्पष्ट होत होतं. तरी माणूस मदतीचा. त्यांनी स्वतःच्या घरून काळ्या दंतमंजनाची डबी आणली आणि मागच्या दारावर घासायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की दातांवरचा डाग आणि गाडीवरचा डाग यांत तत्त्वतः फरक नाही. अर्ध्या तासानंतर डाग तसाच होता आणि त्याच्याभोवती पानाएवढं काळं वर्तुळ तयार झालं होतं. तात्या म्हणाले, थोडं घासत राहायला पाहिजे, रोज, जेवणानंतर.

तात्यांच्या मागोमाग सगीरभाई मोमीन आले. यांचे पलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम होते, आणि त्यांचा जगात एकाच औषधावर विश्वास होता, तो म्हणजे सिरका, अर्थात व्हिनेगर. पोट दुखलं, सिरका. केस गळले, सिरका. मागे बाळारामांच्या बढतीचा कागद ठाण्याला अडकला होता, तेव्हाही त्यांनी साहेबांना कांद्यासोबत सिरका खिलवावा असं सुचवलं होतं. त्यांनी गाडीकडे एक नजर टाकली.

"भोईरसाब, सिरका लगाव."

"हो हो, बघतो," बाळाराम म्हणाले, आणि विसरून गेले.

मंगळवारी त्यांनी शनिवारपर्यंतची किरकोळ रजा टाकली आणि गाडी घेऊन ठाण्याच्या शोरूमला गेले. तिथल्या टाय घातलेल्या तरुणानं डाग पाहून विचारलं, "कुठल्या पाण्यानं धुतलीत?"

"देवीच्या."

"विहिरीचं की नळाचं?"

"कुंडाचं. गरम."

तरुणानं पेन खाली ठेवलं. कंपनीच्या नियमांत ऊन, पाऊस, वाळू, अपघात यांचा विचार केलेला आहे, पण श्रद्धेचा केलेला नाही, असं त्यानं अतिशय नम्रपणे सांगितलं. मग साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला. साहेब जेवायला गेले होते. जेवून आले तेव्हा तो तरुण जेवायला गेला होता. दोघे एकत्र सापडले तेव्हा बाळाराम जेवले नव्हते, आणि साहेबांनी सगळं ऐकून घेऊन एकच सल्ला दिला : पूर्ण गाडी पुन्हा रंगवा. नवी गाडी घेतल्याच्या महिन्यात रंगवायला टाकली, तर रघूतात्या काय म्हणतील हे डोळ्यांसमोर येऊन बाळाराम तसेच परतले.

बुधवारी कुणीतरी रॉकेल सांगितलं. कुणी, ते नंतर कुणीच कबूल केलं नाही. बाळारामांनी रेशनचं रॉकेल चिंधीवर घेऊन सबंध गाडी पुसली, आणि चमत्कार झाला. गाडी आरशासारखी चकाकली. एकही डाग दिसेना. आळी टाळ्या वाजवणार इतक्यात सगीरभाईंच्या लूमची शिफ्ट सुटली, दारं उघडली, आणि भिवंडीच्या हवेत बारा महिने उडणारा कापसाचा भुरका नेहमीप्रमाणे संथपणे आळीत शिरला. एरवी तो माणसांच्या भुवयांवर बसतो. त्या दिवशी त्याला बसायला रॉकेलनं ओली झालेली आख्खी फियाट मिळाली. घटकाभरात गाडीला अंगभर पांढरी लव आली. एक म्हातारा थांबून तिच्यावरून हात फिरवून गेला. पार्वतीबाई हसून हसून ओट्यावर बसल्या, आणि बाळारामांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते रात्री भाकरी वाढेपर्यंत.

तो भुरका काढायला गुरुवार गेला. भुरका गेला, रॉकेल गेलं आणि खालून डाग जसेच्या तसे वर आले.

"माझं ऐका," पार्वतीबाई म्हणाल्या. "चेहऱ्यावरचे डाग कशानं जातात? बेसन आणि आंबट दह्यानं. लग्नाआधी मी लावायची."

"तुला डाग होते?"

"तुम्ही पाहायला यायच्या आधी गेले ना! म्हणजे गुण आला."

या युक्तिवादात काहीतरी चुकतंय असं बाळारामांना वाटलं, पण शुक्रवार उजाडला होता आणि दुसरा दिवस हळदीचा होता. माणूस बुडायला लागला की बेसनही धरतो. दोघांनी मिळून परातभर लेप कालवला आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत लावला. पिवळी झालेली गाडी उन्हात वाळत ठेवून ते आत हात धुवायला गेले. बाहेर धडधड आवाज झाला. येऊन बघतात तर सगीरभाईंची बकरी बॉनेटवर चढून, डोळे मिटून, अत्यंत समाधानानं काच चाटत होती.

"भोईर, पुढचं सगळं खाल्लंय हिनं," रघूतात्या आपल्या ओट्यावरून म्हणाले. "आता टपाकडे निघालीय. मी बघतोय मघापासून."

बकरीला उतरवायला आळी लोटली. बकरी उतरेना. शेवटी सगीरभाई धावत आले, आणि आपल्या जनावरानं शेजाऱ्याचं इतकं बेसन खाल्लं हे पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून जास्त काळजी त्यांना बकरीच्या पोटाची वाटली. त्यांनी पोराला हाक मारली, बाटली मागवली, आणि बॉनेटवर उभ्या असलेल्या बकरीच्या तोंडात जागेवरच सिरका ओतला. बकरीनं एक क्षण विचार केला. मग ती अशी शिंकली, की सगळा सिरका बॉनेटवर फवारला गेला आणि बघ्यांच्या पहिल्या रांगेला प्रसाद मिळाला.

बाळाराम खांद्यावरच्या फडक्यानं ते पुसायला वाकले. पुसलं, आणि थांबले. त्यांनी फुंकर मारून जागा सुकवली. डाग नव्हता. वाट पाहिली. तरीही नव्हता. हातातलं फडकं वर धरून ते म्हणाले, "सगीरभाई..."

"मैं तो सोमवार से बोल रहा था, भोईरसाब!"

मग काय विचारता! सगीरभाईंच्या घरातल्या बरण्या रिकाम्या झाल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं कांद्यावर घालायचा सिरका पाठवला, आणि त्या संध्याकाळी त्याच्या गिऱ्हाइकांनी कांदा कोरडाच खाल्ला. सिरक्यात पाणी घालून आळीतल्या प्रत्येक घरानं एकेक दार, एकेक चाक वाटून घेतलं. रघूतात्यांनी आपलं काळं वर्तुळ आपण स्वतः पुसलं, आणि हा मूळ रंगच आहे, गाडी नवीच दिसते, असा अखेर निकाल दिला. रस्त्यानं जाणारे लोक वास घेऊन विचारत होते, बिर्याणी कुणाकडे आहे. दिवेलागणीला फियाट पुन्हा निळी झाली होती, आणि बाळारामांनी आनंदाच्या भरात बकरीच्या कपाळाला हात लावला.

एकच डाग राहिला. पुढच्या डाव्या दारावर, मुठीच्या खाली, चिंचोक्याएवढा. सिरका लावला, नख लावलं, वाईट शब्दही वापरून पाहिले. तो हलला नाही.

शनिवारी दुपारी गाडी राहनाळला ठमाबाईंच्या ओटीसमोर उभी राहिली. हौसा आणि गावातल्या चार बायका आधीच बाहेर आल्या होत्या. ठमाबाई नवं लुगडं नेसून तयार होत्या, पण हातात एस.टी.साठी सुटे पैसे घट्ट धरलेले बाळारामांना दिसले.

ठमाबाई ओटी उतरल्या. बाजारात बैल निरखावा तशा गाडीभोवती फिरल्या. बॉनेट पाहिलं. टाचा उंचावून टप पाहिला. डिकीवरून तळहात फिरवला. मग लेकाकडे वळल्या.

"गेले रं सगले?"

"काय गेले?"

"डाग."

"तुला... तुला कधी कळलं?"

"तितंच. तुमी देवलात गेलाव, मी गाडीपाशी व्हते. पानी सुकत गेलं तसं एकेक वर आलं. पदरानं पुसलं, जाईना. माज्या हातानं माज्या लेकाची नवी गाडी नासली म्हनून मला रडूच आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पायऱ्या उतरून येत व्हतास. किती हसत व्हतास! ल्हानपनी जत्रेतून यायचास तसा." ठमाबाईंनी नाक पुसलं. "तुला कसं सांगू? म्हनून देवीला सांगितलं, माज्यामुलं झालं, तर तूच निस्तर. जवर एक बी डाग हाय, तवर मी त्या गाडीत पाय ठेवनार न्हाय. हौसाला विचार. रोज दिवा लावताना बोलते."

हौसानं मान डोलावली. बाळाराम गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. सबंध आठवडा त्यांनी आईपासून लपवलं होतं आणि सबंध आठवडा आईनं त्यांच्यापासून. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्हींतलं काय आधी करावं हे कळेना.

"मंग सरक की," ठमाबाई म्हणाल्या. "दारावर टेकून काय उबा ऱ्हायलास?"

सरकावं लागलं. मुठीच्या खालचा तो चिंचोक्याएवढा डाग ठमाबाईंच्या नजरेतून सुटला नाही. त्या वाकल्या. बाळारामांनी पुढे होऊन म्हटलं, "तो डाग नाही आई, सावली आहे." कोर्टात इतक्या खोट्या साक्षी ऐकूनही त्यांना स्वतःला ती धड देता आली नाही.

ठमाबाईंनी पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं. शाळेला निघालेल्या बाळारामांच्या गालावरचं काजळ त्या असंच पुसायच्या. जोर लावून घासलं. फुंकर मारली. डोळे बारीक करून पाहिलं. डाग तिथेच होता. त्यांनी हातातले सुटे पैसे पाहिले, सीटवरची उशी पाहिली, लेकाचं पडलेलं तोंड पाहिलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

"आई, आहे तो अजून."

"गेला म्हनते ना मी! देवीला काय यवढं बारीक दिसतंय?" आणि ठमाबाईंनी सुटे पैसे हौसाच्या हातात कोंबले, दार स्वतः उघडलं, उजवा पाय आत ठेवला आणि उशीवर नीट बसल्या.

बाळारामांनी धावत जाऊन स्टीअरिंग धरलं. गाडी सुरू झाली, आणि त्यांनी हळूच विचारलं, "वास येतोय का गं? मळमळतं?"

"गप बस," ठमाबाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "आन ही काच खाली घे. हौसा ह्या अंगाला उबी हाय, तिला मी नीट दिसत न्हाय."